करदोट्यावरची पट्टी

जुईच्या डाव्या बाहीवर, कोपरापासून चार बोटं खाली, मांजराचे सात केस होते. पाच पांढरे, दोन राखाडी. सातही एकाच दिशेनं निजलेले, मनगटाकडे टोक करून. मांजर नुसतं घासून गेलं असतं तर केस आडवेतिडवे पडले असते. म्हणजे जुई त्याच्यावर हात टाकून बराच वेळ पडून होती, आणि उठताना तिनं तो हात सावकाश, त्याची झोप मोडणार नाही अशा बेतानं काढून घेतला होता.

मैथिलीनं सातही केस चिमटीनं उचलले आणि मुठीत धरले. दीड वर्षापूर्वी याच पोरीच्या झबल्यावर तिचा स्वतःचा लांब केस सापडायचा, रोज एक तरी. निरंजन चेष्टा करायचा, "पोरगी आहे का कंगवा?"

"आई!" जुईनं हाक मारली.

मैथिली वळली. दर वेळी वळायची. जुई तिच्या शेजारून पळत स्वयंपाकघरात गेली आणि आजीच्या गुडघ्यांना मिठी मारून म्हणाली, "आई, भोपळीनं पाणी सांडलं!"

"सांडू दे. पुसू आपण," सासूबाई म्हणाल्या आणि कणकेचे हात वर धरून, कोपरानंच नातीला जवळ घेतलं. बाहेरच्या खोलीकडे त्यांची नजर गेली, लगेच परत परातीत आली.

मैथिलीनं मूठ उघडून केस खिडकीबाहेर झटकले. त्यातले दोन घामानं तळव्याला चिकटून राहिले.

मैथिलीचं काम यंत्रं तपासण्याचं. तराजू, तापमापक, दाबमापक खरं बोलतात की खोटं, हे ती सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत बसून ठरवायची. त्याच कामासाठी ती दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर चौदा महिने राहून आली होती. तिथं बर्फाची जाडी मोजणारी यंत्रं होती आणि त्यांची चूक केसभरसुद्धा चालणार नव्हती. निघताना ओजस साडेचार वर्षांचा होता, जुई दीड वर्षाची. "जा तू," सासूबाईच म्हणाल्या होत्या. "असली संधी काय रोज येती? मी आहे की."

त्या होत्याच. पहिले काही आठवडे जुई पडद्यावरच्या मैथिलीला पाहून पडद्यामागे हात घालायची, शोधायची. मग तिनं शोधायचं सोडलं. घरात निरंजन ज्या बाईला आई म्हणायचा, आणि पडद्यावरची बाईही जिला "आई, जेवलात का?" असं विचारायची, तिला जुईही आई म्हणू लागली. पडद्यावरच्या बाईला सगळे मैथिली म्हणायचे, म्हणून ती मैथिली. लेकराचा तर्क चोख होता. मैथिलीला परत येऊन चार महिने झाले तरी तो बदलला नव्हता.

ओजसचं तसं नव्हतं. तो आई म्हणायचा, आणि आईनं पडद्यावरून दिलेलं वचनही त्याच्या लक्षात होतं. "मी आले की आपण मांजर आणू."

म्हणून मांजर आलं. तेव्हा ते सोडून दिलेल्या मांजरांच्या निवारा केंद्रातलं नुसतं एकेचाळीस नंबर होतं. राखाडी पट्ट्यांची, डावा कान फाटलेली मांजरी. याआधी दोन घरांतून ती परत आली होती आणि तिसऱ्यांदा परत आली तर तिला मुलांच्या घरी पुन्हा देणार नव्हते. घराच्या पुढल्या भागात निरंजनचा तंबोऱ्यांचा कारखाना होता. पहिल्याच दिवशी ती तिथल्या अर्ध्या कापलेल्या भोपळ्यात जाऊन गोल झोपली. निरंजन म्हणाला, "घ्या, हिनं आपलं माप आपणच घेतलं." ओजसनं नाव ठेवलं भोपळी. कोणी "मिरची कुठाय?" असं विचारलं की तो चिडायचा.

मांजर घरात आणणं आता पूर्वीसारखं सोपं राहिलं नव्हतं. हौसेनं आणायचं आणि चार महिन्यांनी पुलाखाली सोडायचं, हे इतकं वाढलं होतं की केंद्रानं पट्ट्यांची पद्धत सुरू केली. घरातल्या प्रत्येकानं मनगटावर एक पातळ पट्टी बांधायची. मांजराच्या गळपट्ट्यातही तशीच एक. तीन आठवडे मोजणी, आणि निर्णय होईपर्यंत पट्टी काढायची नाही.

ती पट्टी काय मोजते, हे मैथिलीनं ओजसला बापाच्या कारखान्यात नेऊन समजावलं होतं. दुरुस्तीला आलेल्या एका सतारीची वरची तार तिनं छेडली. खाली, जिला कोणी हात लावला नव्हता अशी एक बारीक तार आपोआप थरथरली.

"ही तरफेची तार. वरच्या तारेच्या सुरात लावलेली असते, म्हणून ती वाजली की ही पण वाजते. आता असं बघ, आपलं हृदय घड्याळासारखं टकटक सारख्या अंतरानं चालत नाही. श्वास घेताना ठोके जरा जवळ येतात, सोडताना लांब जातात. दचकलं की वेगळं, निवांत असलं की वेगळं. प्रत्येकाची चाल निराळी. पण दोन जिवांना एकमेकांची सवय झाली ना, की नुसतं शेजारी बसलं तरी त्यांच्या ठोक्यांची चढउतार एकमेकांसारखी व्हायला लागते. हे आधी आई आणि तान्ह्या बाळात दिसलं, मग माणूस आणि कुत्र्यात, मग मांजरात. नाडीची थरथर त्वचेवर येते, ती ही पट्टी ऐकते. दोन पट्ट्या ताडून बघायच्या आणि किती जुळतं त्याला शंभरपैकी अंक द्यायचा."

"म्हणजे भोपळीला आपण आवडतो का ते कळतं?"

"आवडणं नाही रे. जुळणं."

"तेच की," ओजस म्हणाला.

केंद्राचा नियम साधा होता. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर सगळ्यांत धाकट्या मुलाचा आणि मांजराचा अंक पन्नासच्या वर जायला हवा. गेला, की अर्ज भरणाऱ्या मोठ्या माणसानं फोनवर तोंडानं होकार द्यायचा. लेखी चालत नसे, कारण न वाचता खुणा करणाऱ्यांनीच पूर्वी सगळ्यांत जास्त मांजरं परत आणली होती. अंक खाली राहिला तर मांजर परत. नाहीतर कोणा एकानं सहा महिन्यांची हमी घ्यायची. खाणं, नखं, डॉक्टर, मुलाला आणि मांजराला एकमेकांशी वागायला शिकवणं, सगळं त्या एकाच्या माथी. हमी सहसा कोणी घेत नसे.

अर्ज मैथिलीनं भरला होता. एकविसाव्या दिवशी फोनवर आकडे आले.

जुई आणि भोपळी, एक्क्याऐंशी. जुई आणि आजी, सहासष्ट. जुई आणि निरंजन, एकसष्ट. जुई आणि ओजस, सत्तावन्न.

जुई आणि मैथिली, एकोणतीस.

केंद्रातली सानिया फोनवर आनंदानं म्हणाली होती, "ताई, एक्क्याऐंशी म्हणजे फारच छान! होकाराची नोंद करून टाकू या का?"

"मला एक आठवडा द्या," मैथिली म्हणाली.

आठवडा संपल्यावर तिनं आणखी एक मागितला. आता त्यातलेही चारच दिवस उरले होते.

*

उन्हाळी वेळापत्रकामुळे शाळा पहाटे सहाला भरून दहाला सुटायची आणि बारा ते चार कोणी घराबाहेर पडत नसे. मैथिलीनं त्या आठवड्यात रजा काढली होती. त्या दुपारी तिनं भोपळीला कारखान्यात कोंडलं, मधल्या दाराला कडी लावली आणि जुईला घेऊन गारव्याच्या खोलीत आडवी झाली.

"गोष्ट सांगू? बर्फातल्या पक्ष्यांची?"

"भोपळी कुठाय?"

"झोपलीय ती. बरं का, तिथं एक पक्षी होता, त्याला उडताच यायचं नाही..."

"मला भोपळी पायजे."

"गोष्ट संपली की. तो पक्षी आपलं अंडं पायावर घेऊन उभा राहायचा, महिना महिना."

"का?"

मैथिलीला हुरूप आला. "कारण अंड्याची आई लांब समुद्रावर गेलेली असते. खाऊ आणायला."

जुईनं विचार केला. "मग बाबा असतो ना. आणि आई असते." तिनं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मग ती उठून बसली आणि अगदी समजूतदारपणे, कोणा पाहुण्याला सांगावं तसं म्हणाली, "मैथिली, तू झोप. मी जाते."

दाराची कडी तिच्या हाताला लागेना, तेव्हा मात्र ती रडली. सासूबाई आल्या, त्यांनी कडी काढली. भोपळी शेपटी उभी करून आत आली आणि मैथिलीच्या पायांवरून, जणू उंबरठाच तो, जुईकडे गेली. पाच मिनिटांत पोरगी झोपली. पोटावर मांजर. खोलीभर घुरघुर.

मैथिली स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "आई, मांजराच्या नखांनी डोळ्याला इजा होऊ शकते. लहान मुलांना."

"नखं तूच कापलीस की परवा."

"केसांनी दमा होतो काहींना."

"तपासणी केलीस ना? काही निघालं नाही म्हणालीस." सासूबाई ताक घुसळत होत्या. रवी थांबवून म्हणाल्या, "तुला ती ठेवायची नसेल तर तसं सांग की. कारणं कशाला गोळा करतीस?"

मैथिली ओट्यावर सांडलेलं ताक पुसू लागली.

"आणि एक सांगू का? मी काही तिला आई म्हणायला शिकवलं नाही."

"मी कधी म्हटलं तसं?"

"तोंडानं नाही म्हटलंस. मी पहिल्यांदा तिला म्हणायची, आजी म्हण, आजी. तर म्हणती कशी, ती ओजसची आजी, माझी आई." त्यांना हसू आलं, मग ते गेलं. "पुढं मी सांगायचं सोडलं. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं गं. निरंजन पस्तिशीचा झाला. इतक्या वर्षांनी कोणी गळ्यात पडून आई म्हटलं."

रवी पुन्हा सुरू झाली. मैथिलीला वाटलं, आपण रागवायला हवं. पण राग आला तो त्या पोटावरच्या मांजराचा. सासूबाईंनी निदान चौदा महिने भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, आजारपणं काढली होती. मांजरानं काय केलं होतं? महिनाभर झोपलं होतं नुसतं. आणि एक्क्याऐंशी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्ट्यांची मूळ नोंद घेऊन कारखान्यात बसली. केंद्र फक्त अंक पाठवतं, पण मागितलं तर ठोक्यांचा पूर्ण आलेखही देतं. तिनं मागितला होता. एक्क्याऐंशीमध्ये कुठंतरी चूक असावी अशी तिची इच्छा होती, आणि चूक शोधताना इच्छा असणं वाईट, हे ती नवीन मुलांना नेहमी शिकवायची.

निरंजन एका तंबोऱ्याची जवारी काढत होता. तारा ज्या हस्तिदंती रंगाच्या पुलावरून जातात, तो पूल कानसीनं हलकेच घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. एकदा त्यानं तार छेडली आणि आवाज इतका भरून आला की मैथिलीनंही मान वर केली.

"झाली?" तिनं विचारलं.

"छे. फसवतोय." त्यानं तंबोरा फळीवरून उचलून मांडीवर घेतला आणि पुन्हा छेडला. आता आवाज पातळ होता, जरा बसका. "बघितलंस? मघाशी फळी वाजत होती. भोपळा फळीला टेकला की फळी पण बोलायला लागते आणि आपल्याला वाटतं तंबोराच बोलतोय. हे काम शिकवताना शौकतचाचांनी पहिल्याच वर्षी मुस्कटात मारून शिकवलंय मला. जवारी ऐकायची तर तंबोरा कशाला टेकवायचा नाही."

मैथिलीनं आलेख बाजूला ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही," म्हणून ती उठली ती थेट न्हाणीत गेली. सासूबाई जुईला न्हाऊ घालत होत्या. जुईच्या मनगटावर पट्टी नव्हती. पट्टी होती पोटावर, बेंबीच्या जरा बाजूला, काळ्या करदोट्याला दोन गाठी मारून पक्की बांधलेली.

"आई, ही इथं कधी बांधली?"

"पहिल्याच दिवशी की. मनगटावरची दातानं कुरतडून काढायची. करदोट्याला बांधली, तेव्हापासून ठेवती." त्यांनी डोळे बारीक केले. "का गं, चुकलं काय?"

"नाही," मैथिली म्हणाली. महिनाभर ती पट्टी पोटावर होती आणि ते तिला ठाऊक नव्हतं. पोरीला न्हाऊ घालायची वेळ तिच्यावर एकदाही आली नव्हती, जुई येऊच द्यायची नाही.

दुपारभर तिनं आलेख चाळला. सगळं उघड होतं. जुई झोपली की भोपळी तिच्या पोटावर, म्हणजे पट्टीवरच झोपायची. पट्टीला थरथर ऐकू यायची ती जुईची नव्हेच. मांजराचं हृदय आणि मांजराची घुरघुर, दोन्ही थेट पट्टीवर. केंद्राचं यंत्र जुईची नाडी मांजराच्या नाडीशी ताडून बघत नव्हतं, मांजराची मांजराशीच ताडून बघत होतं. मांजर सारखंच पोटावर नसे, म्हणून शंभर न येता एक्क्याऐंशी आले होते इतकंच.

तिनं जिथं जिथं मांजर पट्टीला टेकलं होतं तेवढा भाग कापून टाकला आणि हिशेब पुन्हा केला.

अडतीस.

तिला आनंद झाला. मोठा, नितळ, लाज वाटावी इतका आनंद. अडतीस म्हणजे नापास. तिला नाही म्हणावं लागणारच नव्हतं. यंत्रातली चूक प्रामाणिकपणे कळवायची, बाकीचं नियम करेल. ओजस रडेल, जुई रडेल, पण ते आईमुळे नाही. ती उठली, माठातलं पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. एक नोंद तपासली की शेजारच्याही तपासायच्या, ही हाताची सवय.

सासूबाई जुईला कडेवर घ्यायच्या तेव्हा पट्टी त्यांच्या कमरेला टेकायची. तिथंही त्यांचीच नाडी पट्टीत शिरली होती. तेवढं कापलं. सहासष्टचे चव्वेचाळीस झाले. निरंजन पोटावर घेऊन खेळवायचा, त्याचे एक्केचाळीस. ओजस कुस्ती खेळायचा, चाळीस.

मग तिनं स्वतःची नोंद उघडली. कापण्यासारखं काही सापडेना. पुन्हा पाहिलं, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. कुठंही पट्टी तिला टेकलीच नव्हती.

एकोणतीस. घरातल्या सगळ्या आकड्यांत तेवढा एकच पहिल्यापासून बिनचूक होता.

*

"मग सांगून टाक त्यांना," निरंजन म्हणाला. मुलं आत होती, तो तारांची वेटोळी उचलून ठेवत होता. "खरं ते खरं."

"मांजर जाईल."

"तुला तेच हवंय ना?"

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"मैथिली, तू तिचे केस वेचून खिडकीतून टाकतेस. झाडूनं एकदम काढत नाहीस, एकेक वेचतेस." त्यानं शेवटचं वेटोळं खुंटीला अडकवलं. "मलाही वाटायचं तसं. तू गेल्यावर. पोरगी रात्री रडली की मी उचलायचो, तर हात पसरायची आईकडे. माझी आई, म्हणून कोणाला सांगताही येईना. पुढं तिनं मला चालवून घेतलं."

"किती दिवसांनी?"

"मोजले नाहीत गं. सगळंच कसं मोजायचं?"

मैथिलीनं पट्टी करदोट्यावरून सोडवून जुईच्या पायात, वाळ्याच्या शेजारी बांधली. कळवण्याआधी सुटी नोंद हवी, असं तिनं कारण दिलं. उरलेले दोन दिवस ती लांबून पाहत राहिली. जवळ जायचं नाही, उचलायचं नाही, बोलवायचं नाही, नाहीतर मोजणीत आपलाच हात लागेल. परत आल्यापासून असं नुसतं बसून पोरीकडे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवारी सकाळी जुई कारखान्याच्या पायरीवर, भोपळीच्या भोपळ्यापाशी बसली होती. मैथिली तीन हात अंतरावर. मांजरी आळोखेपिळोखे देत उठली आणि मैथिलीचा हात नकळत तिच्या डोक्याकडे गेला. भोपळी मागे सरकली.

"असं नाही!" जुई ओरडली. "डोक्यावर नाही घालायचा हात. ती भितीय."

"मग कसं?"

"असं. मूठ करायची. खाली ठेवायची. आणि गप बसायचं." तिनं जमिनीवर मूठ ठेवून दाखवली. "आधी ती वास घेती. तिला पायजे तर येती. नाही पायजे तर नाही येती."

"नाही आली तर?"

"मग परत उद्या."

मैथिलीनं मूठ जमिनीवर ठेवली. भोपळीनं तिच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि तंबोऱ्यांच्या मागे निघून गेली. जुईला आईची, म्हणजे मैथिलीची, कीव आली असावी.

"थांब, मी भोपळी होते," ती म्हणाली. रांगत आली. मैथिलीच्या मुठीला तिनं नाक लावलं आणि दोनदा मोठ्यानं वास घेतला. गरम श्वास, नाकाचं ओलं टोक. मैथिली गप्प बसली. विमानतळावर उतरल्या उतरल्या तिनं या पोरीला झडप घालून उचललं होतं, आणि पोरगी किंचाळली होती. त्यानंतरचे चार महिने ती रोज तेच करायला बघत होती, जरा हळू आवाजात एवढंच.

"हं," जुई म्हणाली. "झालं." आणि उठून मांजराच्या मागे पळाली.

मैथिलीची मूठ बराच वेळ जमिनीवरच होती.

संध्याकाळी तिनं वाळ्याजवळच्या पट्टीची नोंद उघडली. जुई आणि भोपळी, सदतीस. हिशेब बरोबर होता. खालच्या ओळी तिनं पाहिल्या नाहीत. फोन बंद करून बाजूला ठेवला.

*

रविवारी नऊ वाजता सानियाचा फोन आला. सासूबाई आत भाजी निवडत होत्या. ओजस कान देऊन दाराशी उभा होता. जुई पायरीवर, मांडीत भोपळीचा पुढचा अर्धा भाग घेऊन.

"मैथिलीताई, आज मात्र काहीतरी सांगावंच लागेल हं," सानिया म्हणाली. "तिसऱ्यांदा मुदत देता येत नाही."

"आधी एक चूक कळवायची आहे." मैथिलीनं सगळं सांगितलं. करदोटा, पोट, पट्टी, घुरघुर. "मुलीचा आणि मांजराचा खरा अंक अडतीस आहे. परत तपासला तर सदतीस. आलेख पाठवलाय तुम्हाला. दुसऱ्या घरांतही तान्ह्या मुलांना कुठं पट्टी बांधतात ते विचारा."

पलीकडे बोटं चालल्याचा आवाज आला. "अरे देवा. हो, दिसतंय." सानियाचा आवाज उतरला. "मग ताई... अडतीसला आम्हाला तिला परत घ्यावं लागेल. तिसरी वेळ तिची. बारा वाजायच्या आत गाडी पाठवते."

"आई!" ओजस म्हणाला. त्याची हाक मैथिलीलाच होती.

मैथिलीनं पायरीकडे पाहिलं. जुई मांजराच्या फाटक्या कानात काहीतरी सांगत होती. मांजर ऐकत नव्हतं. मत्सर होता तिथंच होता, छातीच्या मधोमध, चांगला जाडजूड. अडतीस काय किंवा एक्क्याऐंशी काय, त्याला फरक पडला नव्हता. पण पन्नासच्या खाली असलेल्याला परत पाठवायचं असेल, तर या घरातून सगळ्यांत आधी कोणाला पाठवायला हवं, हेही तिला आता आकड्यात माहीत होतं. आणि तिला कोणी पाठवलं नव्हतं.

"हमीचं कसं असतं?" तिनं विचारलं.

"हमी?" सानिया गोंधळली. "असते, पण... ती एकाच माणसानं घ्यावी लागते. सहा महिने. मुलीसोबत रोज बसून दोघींना शिकवावं लागतं, दुसऱ्यावर सोपवता येत नाही. कोण घेणार?"

"नोंद सुरू करा."

बारीक टिकटिक झाली. "पूर्ण नाव?"

"मैथिली निरंजन साठे."

"घरातल्या लहान मुलांशी नातं?"

"आई."

"आई आत आहे," जुईनं पायरीवरून दुरुस्ती केली. "ही मैथिली."

आत भाजीचा आवाज थांबला.

"ताई?" सानिया म्हणाली. "नात्याचं पुन्हा सांगता का, नीट आलं नाही."

"आई," मैथिली म्हणाली. "आम्ही दोघी आहोत. एकीला अजून वास घेऊन बघतायत."

"आँ? बरं... लिहिते. निर्णय?"

मैथिली पायरीवर बसली, जुईपासून तीन हात लांब. मोकळ्या हाताची मूठ केली, जमिनीवर ठेवली आणि प्रत्येक शब्द नोंदीत नीट यावा म्हणून सावकाश म्हणाली, "भोपळी इथंच राहील. हमी माझी."